भिंतीकडची लेकरं

"कोणाची आशा, साहेब?"

दुशिंगसाहेब झग्याच्या बाहीने चष्म्यावरचं दव पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मघाशी तुम्ही म्हणालात, आपली आशा. 'आपली' म्हणजे कोणाकोणाची, तेवढं सांगा. मग मी चहाला जाते."

ईस्टरची सकाळ होती. आमच्या मिशन कंपाउंडच्या मागे कबरस्तान आहे आणि दर वर्षी पुनरुत्थानाची उपासना तिथेच होते. पहाटेच्या अंधारात, कबरींच्या मधे, सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करून. यंदाही झाली. सूर्य फाटकाच्या वर आला, शेवटचं गीत संपलं, आणि मंडळी चहा-खारीकडे वळली. कबरींवरच्या मेणबत्त्या उजेडात उगीचच जळत राहिल्या.

मागे साहेब राहिले होते, फाटकाजवळ, प्लास्टिकच्या खुर्चीत. आणि मी, उभी. माझ्या कडेवर अबीगैल, सात महिन्यांची, टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. दवाने तिला सर्दी होईल असं मला वाटत होतं. टोपीने ती गुदमरेल असंही वाटत होतं. मी टोपी वर करत होते आणि पुन्हा खाली ओढत होते.

साहेब निवृत्त पाळक. उभी हयात त्यांनी आमच्याच मंडळीत काढली. आता नवे पाळकसाहेब आहेत, पण ईस्टरचा संदेश अजून दुशिंगसाहेबांनीच द्यायचा, असा रिवाज. त्यांना उलट प्रश्न कोणी विचारत नाही.

मी शाळेत शिकवते. प्रश्न विचारायची सवय आहे. उत्तर पूर्ण ऐकून घ्यायची तेवढी नाही, असं माझे यजमान, सुहास, म्हणतात.

भांडणाचे मुद्दे मी आदल्या दिवशी दुपटी वाळत घालताना क्रमाने ठरवून ठेवले होते. त्यातला पहिलाच आता आठवत नव्हता.

"बस, सूनबाई," साहेब म्हणाले.

"बसायला आले नाही."

बसायला दुसरी खुर्चीही नव्हती. ते आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं. साहेब उठायला लागले.

"नका उठू. तुम्ही उठलात तर मला भांडता येणार नाही."

ते पुन्हा बसले.

"भांड," म्हणाले.

...

"माझं दुसरं लेकरू कुठे आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं.

माहीत होतं.

अबी जुळ्यातली. तिचा भाऊ तिच्या आधी जन्मला आणि उजाडायच्या आत गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्या लेकरांना आमच्या कबरस्तानात रांगेत जागा मिळत नाही. पश्चिमेच्या भिंतीला लागून एक अरुंद पट्टी आहे, तिथे त्यांना ठेवतात. क्रूस नाही, नाव नाही, घंटा नाही. मला टाके पडले होते. मी आले तेव्हा पावसाने माती बसली होती. कुठला उंचवटा माझा, हे यजमानांनी बोट दाखवून सांगितलं, आणि सांगताना त्यांचं बोट थोडं हललं.

"आज पहाटे सगळी मंडळी पूर्वेकडे तोंड करून उभी होती," मी म्हणाले. "तुम्ही म्हणालात, तिकडे बघा, आपली आशा तिकडून येते. सगळ्यांनी पाहिलं. मी नाही पाहिलं. मी वळून भिंतीकडे पाहिलं. माझ्या सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. म्हणाल्या, अगं, सरळ उभी राहा, लोक बघतात. मी म्हटलं, आई, लोक तिकडे बघतायत, मला कोण बघतंय?"

साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला.

"हसू नका."

"नाही हसत."

"माझा प्रश्न साधा आहे. त्याला आशा आहे की नाही? हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. मधलं काही नको. मधलं मी सात महिने ऐकतेय."

साहेबांनी हात मांडीवर ठेवले. बोटं गाठाळलेली, नखं स्वच्छ. याच हातांनी माझ्या यजमानांचा बाप्तिस्मा झाला होता. आमचं लग्नही याच हातांनी लावलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

...

मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग.

"माहीत नाही? उभा जन्म प्रवचनं केलीत, आणि माहीत नाही?"

"माहीत असतं तर आशा कशाला म्हटलं असतं? माहिती म्हटलं असतं."

"वाक्य छान आहे," मी म्हणाले. "फळ्यावर लिहिण्यासारखं. मी रोज सकाळी फळ्यावर एक छान वाक्य लिहिते, साहेब. शाळा सुटली की शिपाई पुसून टाकतो."

साहेबांनी मान हलवली. वाईट वाटलं म्हणून हलवली असं दिसलं नाही. पटलं म्हणून हलवली.

त्याने मी आणखीच चिडले. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत तरी कडक असायला हवी.

तेवढ्यात पारधेकाका आले. एका हातात साहेबांचा चहा, दुसऱ्या हातात खारीची बशी. पारधेकाका आमच्या पंचांचे प्रमुख. मनाने वाईट नाहीत. अवघड आहे ते तेच. माझ्या मुलाला हॉस्पिटलमधून इथे आणणाऱ्यांत ते होते, आणि रिकाम्या हाताने आमच्या घरी जाववेना म्हणून वाटेत माझ्यासाठी शहाळी घेऊन आले होते, असं मला नंतर कळलं.

"सूनबाई, तू इथे होय? चल, चहा गार होतोय. बाळाला दव बाधेल."

"साहेबांना विचारतेय, माझा मुलगा भिंतीला का आहे."

पारधेकाकांनी चहा साहेबांना दिला आणि बशी त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवायचा प्रयत्न केला. ती बसेना. शेवटी स्वतःच धरून उभे राहिले.

"आज सणाचा दिवस आहे, बाई."

"सण कशाचा आहे, काका?"

"म्हणजे... पुनरुत्थानाचा."

"कोणाच्या?"

"अगं, प्रभूच्या. आणि मग त्याच्या मागून आपल्या सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या?"

पारधेकाकांनी एक खारी उचलली आणि खाल्ली नाही.

"हे बघ. प्रभूने एक नेलं, एक तुझ्या पदरात ठेवलं. जे आहे त्याच्याकडे बघ. आशा सोडू नये माणसाने."

"आशा मी सोडलेली नाही, काका. तुम्ही ती रांगेत ठेवली, आणि माझ्या मुलाला भिंतीला."

"तसं नसतं ते. बाप्तिस्मा झाला असता तर प्रश्नच नव्हता. आमच्या मनात काही नव्हतं. आता त्या रात्री पाळकसाहेब परगावी होते, अधिवेशनाला..."

"म्हणजे पाळकसाहेब गावाला गेले, म्हणून लेकरू भिंतीला."

"असं नको म्हणूस."

"मग कसं म्हणू? तुम्ही सांगा, मी तसं म्हणते."

पारधेकाका साहेबांकडे पाहायला लागले. साहेब चहात पाहत होते.

"नियम जुना आहे," पारधेकाका म्हणाले. "आम्ही नाही केला."

"कोणी केला?"

आता साहेबच बोलले.

"मी इथे आलो तेव्हा होता. मी पाळला."

"तुम्ही?"

"मीच ठेवली ती लेकरं. आईबाप फाटकापाशी थांबायचे. मी आणि कबर खोदणारा आत यायचो. एक प्रार्थना म्हणायचो, हळू आवाजात, म्हणजे ती उपासना होणार नाही."

"किती लेकरं?"

"मोजली नाहीत."

"मोजली नाहीत?"

"मोजणं नियमात नव्हतं."

मला त्या क्षणी तो म्हातारा अजिबात आवडला नाही. त्याचा स्वच्छ झगा, त्याची स्वच्छ नखं. त्याने खोटं बोलायला हवं होतं, निदान आवाज तरी थरथरायला हवा होता. तेही नाही.

अबीने माझ्या साडीची पिन धरली होती. मी तिच्या मुठीतून पिन सोडवली, टोचली तर नाही ना म्हणून तिची पाचही बोटं पाहिली, आणि मग जे बोलायला आले होते ते बोलले.

"येत्या रविवारी हिचा बाप्तिस्मा आहे. मी हिला आणणार नाही."

पारधेकाकांची खारी मोडली.

"काय बोलतेस? पाहुणे यायचेत. हॉल धरलाय. सुहासने बिर्याणीची ऑर्डर दिलीय."

"बिर्याणी खा. हिला मी आणणार नाही. जी मंडळी हिच्या भावाला आपला म्हणत नाही, तिने हिला तरी आपलं का म्हणावं? एका पोटात दोघं होती. तिथे कोणी भिंत घातली नव्हती."

"आणि उद्या हिचं काही... म्हणजे देव न करो..."

पारधेकाका मधेच थांबले. पण वाक्य पुढे गेलंच होतं. ते वाक्य माझ्याच घरात राहतं. अबी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते तेव्हा ते माझ्या शेजारी उभं असतं.

"तर हिलाही भिंतीला ठेवाल," मी म्हणाले. "ठेवा. भावाजवळ तरी असेल."

बोलले, आणि लगेच अबीचं डोकं छातीशी धरलं. तोंडातून गेलेलं परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. पण कोणाच्या तरी तोंडून ते निघायलाच हवं होतं, असंही वाटत होतं.

...

"मग तुला काय हवं?" साहेबांनी विचारलं.

"त्याला रांगेत घ्या."

"आता?" पारधेकाका म्हणाले. "उकरून? इतक्या महिन्यांनी? बाई, तू शिकलेली आहेस."

उकरणं म्हणजे काय, ते मी खरंच डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. तेव्हा आणलं.

"मग तुम्ही शिकलेल्या माणसासारखं उत्तर द्या," मी म्हणाले. माझा आवाज आधीसारखा राहिला नव्हता. "काका, आपण माणसाला पाय पूर्वेला करून का पुरतो?"

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार. मेलेले उठणार. पाय पूर्वेला असले की माणूस उठून बसताच त्याचं तोंड प्रभूकडे. फक्त पाळकांना उलटं ठेवतात. त्यांचे पाय पश्चिमेला, मंडळीकडे. म्हणजे उठल्याबरोबर आपली माणसं त्यांच्या नजरेसमोर.

पारधेकाकांनी यातलं अर्धं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

"बरोबर," मी म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी सगळे उठणार आणि तिकडे बघणार. फाटकाकडे. तुम्ही, मी, सुहास, सासूबाई. आणि हा आमच्या पाठीमागे. पट्टी अरुंद म्हणून त्याला धड सरळही ठेवलेलं नाही, भिंतीच्या लांबीने ठेवलाय. त्याचं तोंड ना तिकडे ना इकडे. त्या गर्दीत मागे वळून बघायचं कोणाला सुचणार आहे?"

"अगं, त्या दिवशी देव काय कोणाची दिशा बघत बसणार आहे?"

"मग आजपर्यंत तुम्ही कशाला बघत बसलात?"

पारधेकाका खारीचा चुरा बशीत झटकत राहिले.

साहेबांनी चहा संपवला. कप खुर्चीखाली ठेवला.

"नाव काय ठेवलंस त्याचं?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, नाव ठेवू नकोस, न ठेवलेलं नाव विसरायला सोपं. त्या प्रेमानेच म्हणाल्या होत्या.

"ओबेद," मी म्हणाले.

"ओबेद," साहेब म्हणाले. मग हात पुढे केला. "मला तिकडे ने."

...

फाटकापासून भिंतीपर्यंत साहेबांना चालवत नेणं सोपं नव्हतं. एका बाजूला पारधेकाका, दुसऱ्या बाजूला मी, माझ्या कडेवर अबी. वाटेत पाळकांच्या कबरी लागल्या, साहेबांच्या आधी होऊन गेलेल्या दोघांच्या. त्यांच्या शेजारी विटांच्या कडेने आखलेली एक मोकळी जागा होती. विटांना ताजा चुना दिलेला. ती साहेबांची, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे.

त्या जागेच्या थेट समोर, तिसऱ्या रांगेत, बाईसाहेबांची कबर. साहेबांच्या पत्नीची. बाईसाहेबांचे पाय पूर्वेला, साहेबांचे होतील पश्चिमेला. दोघं उठली की समोरासमोर. बायका यावरून त्यांची थट्टा करायच्या. बाईसाहेब हयात असताना त्याही करायच्या: म्हणे, तिथेही उठल्या उठल्या हे मला चष्मा कुठे आहे ते विचारतील.

साहेब तिथे थांबले नाहीत.

रांगा संपल्या. शेवटची रांग आणि भिंतीची पट्टी यांच्यात गवताचा एक तुकडा आहे. तिथे गाजरगवत माजलेलं. साहेबांनी पायाने ते थोडं आडवं केलं. पट्टीवर ओबडधोबड उंचवटे होते, काही तर उंचवटेही उरले नव्हते. कोणी दगड ठेवलेला, कोणी विटेचा तुकडा. एके ठिकाणी बांगडीची काच होती.

"कुठला?"

मी दाखवला. माझंही बोट हललं.

साहेब त्याच्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता प्रार्थना करतील. मी मनात ठरवलं की डोळे मिटायचे नाहीत.

त्यांनी प्रार्थना केली नाही. आपला हात माझ्या हातातून सोडवला, पारधेकाकांच्या खांद्याला धरलं, आणि गुडघे वाकवले.

"साहेब? काय झालं? चक्कर येतेय का?" पारधेकाका घाबरले.

"नाही. आडवं व्हायचंय."

"इथे?"

"धर मला."

पारधेकाकांनी त्यांना धरलं, दुसरं काही सुचेना म्हणून. साहेब आधी बसले. मग एका कोपरावर आले. मग त्या गाजरगवतात, दवात, पांढऱ्या झग्यासकट, पाठीवर निजले. डोकं रांगांकडे. पाय भिंतीकडे.

हात छातीवर घेतले. डोळे मिटले.

"साहेब, झगा," पारधेकाका म्हणाले. "साहेब, लोक बघतील. उठा बरं."



मी अबीला घेऊन उभी होते. माझा राग तसाच होता, उलट वाढला होता. एवढं झाल्यावर माणूस नाटक करतो, असं वाटलं. पाळकांना सवय असते. समोर लोक असले की हात आपोआप पसरतात.

"हे कशासाठी, साहेब?" मी म्हणाले. "मला दाखवायला? मी रडून गप्प बसावं म्हणून?"

...

"उठव मला," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "एकट्याला जमत नाही."

मी अबीला पारधेकाकांकडे दिलं. त्यांनी बशी गवतात ठेवली आणि तिला दोन्ही हातांनी घेतलं, लांब धरून, उतू जाणारं पातेलं धरावं तसं. मी साहेबांच्या हाताला धरून ओढलं. वाटलं त्यापेक्षा ते जड होते. आणखी ओढलं. ते कण्हले, आणि उठून बसले.

बसले ते तोंड भिंतीकडे करून.

त्यांच्या समोर ती पट्टी होती. सगळे उंचवटे. दगड, विटेचा तुकडा, काच. हात लांब केला असता तर ओबेदच्या मातीला लागला असता.

साहेब बघत राहिले. डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"इथून सगळी दिसतात," ते म्हणाले.

पारधेकाकांना माझ्या आधी कळलं. त्यांचा चेहरा पडला.

"नाही, साहेब. तुमची जागा तिकडे आहे. आखून ठेवलीय. कालच चुना दिला पोरांनी."

"दुसऱ्या कोणाला द्या."

"ही काय पाळकाची जागा आहे? पंचांत कोणी ऐकायचं नाही."

"तू सांग त्यांना."

"मी काय सांगू? आणि बाईसाहेब? त्या तिकडे वाट बघत निजल्यात. इथे निजलात तर तुमची पाठ होईल त्यांच्याकडे."

साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. त्यांनी वळून तिसऱ्या रांगेकडे पाहायचा प्रयत्न केला. बसल्या जागी मान तेवढी वळली नाही.

"ती माझी पाठ ओळखते," ते म्हणाले.

...

कंपाउंडमधून हसण्याचे आवाज येत होते. कोणीतरी पारधेकाकांच्या नावाने हाका मारत होतं; साखर संपली होती.

पारधेकाका जागचे हलले नाहीत. अबी त्यांच्या हातांत पाय झाडत होती. मला तिला परत घ्यायचं होतं, पण साहेबांचा हात अजून माझ्या हातात होता आणि तो सोडला तर ते मागे पडतील असं वाटत होतं.

"सूनबाई, तू तरी सांग," पारधेकाका म्हणाले. "तू म्हणालीस म्हणून त्यांनी हे डोक्यात घेतलंय. आणि रविवारचं काय ते पण सांग."

रविवारचं मी काही बोलले नाही. मला साहेबांच्या झग्याच्या पाठीवर चिकटलेली गाजरगवताची फुलं दिसत होती. मी भांडायला आले होते. जे हवं होतं ते मला मिळालं नव्हतं. रांग तिथेच होती, भिंत तिथेच होती. जे मिळत होतं ते मी मागितलं नव्हतं. आणि ते घ्यायचा हक्क मला आहे की नाही, कळत नव्हतं.

"साहेब," मी म्हणाले. आवाज चिडकाच निघाला. त्याला दुसरं वळण माहीत नव्हतं. "काका बरोबर म्हणतायत. पाळकाला मंडळीकडे तोंड करून ठेवतात. तुम्ही इथे निजलात तर सगळी मंडळी तुमच्या पाठीमागे राहील. जितकी पुरलीत तितकी सगळी. त्या दिवशी ती उठतील आणि आपला पाळक शोधतील. त्यांनी काय करायचं?"

साहेबांनी त्या पट्टीवरची नजर काढली नाही.

"ती मोठी माणसं आहेत, सूनबाई. चालत येतील. ह्यांतलं एकही अजून पायांवर उभं राहिलेलं नाही."